करंट येतो का बघ

चेतक घरी खोलायला फार हत्यारं लागत नसत. प्लगपाना, एक स्क्रू ड्रायव्हर, दहा-अकराचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि विजेच्या वायरीतून सोडवलेली तांब्याची एक बारीक तार. एवढ्या सामानावर शिनोलीतल्या आमच्या अंगणात रविवारची अख्खी सकाळ निघायची. हौस वगैरे नंतर आली, आधी नाइलाज होता. मेकॅनिक गाठायचा तर घोडेगाव, स्पेअर पार्ट हवा तर मंचर, आणि तिथंही नाही मिळाला तर एसटी धरून पुण्याची नाना पेठ. एवढ्या खेपा कोण घालणार? त्यापेक्षा डिकी काढा, तरटावर बसा आणि बघा काय होतंय ते.

गाडीही जपण्यासारखीच होती. आकुर्डीला बजाजनं इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला सुरुवात केली ती साठच्या दशकाच्या आरंभी. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 पासून स्कूटरवर 'चेतक' हे नाव आलं. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवणार, त्यामुळे बुकिंग केलेल्याचा नंबर लागायला वर्षांमागून वर्षं जायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र लवकर मिळायची. नंबर लागलेली गाडी लोक दारातच जास्त पैसे घेऊन विकत. आमची वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घेतली ती दोन मालक बघून आलेली, निळसर रंगाची. पण गावात तिला कुणी जुनी म्हणत नसे.

काम सुरू व्हायचं प्लगपासून. उजव्या बाजूची डिकी उतरवायची, प्लग काढायचा आणि आधी त्याचं तोंड बघायचं. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त झालंय. पांढरा पडला असेल तर इंजिन तापतंय. चॉकलेटी असेल तर सगळं ठीक. पॉलिश पेपरनं घासून हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा फटीत सरकवायचा. तो घट्ट बसला की गॅप बरोबर. मग प्लग टोपीत घालून हेडला टेकवायचा आणि कुणीतरी किक मारायची. "करंट येतो का बघ रं," अण्णा म्हणायचे. बघायला म्हणून प्लग धरणाऱ्या पोराच्या हाताला तो यायचाच. गल्लीतल्या बहुतेक पोरांनी विजेचा पहिला धडा असाच घेतला.

ठिणगी मरतुकडी असेल तर पॉइंट. मॅग्नेटचं चाक हातानं फिरवून त्याच्या खिडकीतून पॉइंट दिसेल असं आणायचं, त्याची तोंडं साफ करायची आणि स्क्रू सैल करून गॅप साधायचा. तो 0.4 मिलिमीटरच्या आसपास हवा. फिलर गेज आमच्याकडे नव्हता, अण्णा नजरेनं ठरवत. केसभर इकडेतिकडे झालं की गाडी मिसिंग मारायची.

सगळ्यात नाजूक काम कार्बोरेटरचं. जेट तोंडानं फुंकूनच साफ करायचा, तार घालायची ती शेवटचा उपाय म्हणून आणि तीही भोकापेक्षा बारीक. पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिणार. जोडून झाल्यावर इंजिन गरम करायचं, हवेचा स्क्रू पूर्ण आत घ्यायचा आणि साधारण दीड आटा मागे फिरवायचा. पुढचं सगळं कानावर. अण्णा मान वाकडी करून ऐकत बसायचे, त्या वेळी घरात कुणी रेडिओ लावला तर खैर नसायची. आवाज एकसारखा झाला, रेस देऊन सोडल्यावर इंजिन बंद न पडता सावकाश खाली आलं की पाना ठेवला जायचा.

वर्षातून एकदा सायलेन्सर. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळतं, म्हणजे पुरतं जळत नाही, आणि त्याची काजळी धुराच्या वाटेवर साचत जाते. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. पोखरी घाटात मागे माणूस बसवला की गाडी लोड घेत नाही, तेव्हा कळतं. मग सायलेन्सर उतरवून गोवऱ्यांच्या जाळात टाकायचा आणि निवल्यावर आपटून आतला कार्बन झाडायचा. म्हणून तर अण्णा पंपावरच्या मिश्रणावर विश्वास ठेवत नसत. लिटरला 20 मिली तेल, स्वतःच्या डब्यातून, स्वतःच्या मापानं.

आमचं घर भीमाशंकरच्या रस्त्याला. श्रावणी सोमवारी तिघं-तिघं बसलेल्या स्कूटरी घाटाकडे जायच्या आणि त्यातल्या काही संध्याकाळी ढकलत परत यायच्या. पावसानं प्लग ओला, नाहीतर क्लचची वायर तुटलेली. चहा व्हायचा, गाडी व्हायची, पैसे कुणी काढले तर अण्णा रागवायचे.

आईला विचाराल तर यातलं काहीच रम्य नव्हतं. लग्नाला निघायचं, ही नटूनथटून उभी, आणि अण्णा गाडी तिरपी करून किकवर किक मारताहेत. साडीच्या निऱ्यांना काळं लागायचं ते वेगळंच. तिचं खरं आहे. आज पुतण्याची बिनगियरची गाडी भर पावसात बटणाला चालू होते आणि धूरही ओकत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. पेट्रोल किती सोडायचं ते छोटा संगणक ठरवतो. बिघडली तर मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे सर्व्हिस सेंटरचं यंत्र सांगतं. त्याच्यापुढे कान काय करणार!

नाव तेवढं परत आलं. ऑक्टोबर 2019 मध्ये विजेवरची चेतक दाखवली गेली, जानेवारी 2020 मध्ये ती पुण्यात विकायला आली आणि बनू लागली ती आमच्याच नाशिक रस्त्यावरच्या चाकणला. तिला प्लग नाही, जेट नाही, सायलेन्सर नाही, क्लचची वायर नाही. आमच्या अंगणात प्लग धरून झटके खाल्लेला एक जण आयटीआय करून चाकणच्याच एका कारखान्यात लागला. अख्खी गाडी खोलून जोडणारा गडी, आता पाळीभर एकाच जागी एकच भाग बसवतो. पगार चांगला आहे, तक्रार करत नाही. पण सुट्टीला आला की आमच्या जुन्या चेतकची डिकी तोच आधी काढतो.

ती अजून चालते. पॉइंट, क्लचप्लेट, वायरी नाना पेठेत मिळतात; अगदी जुनं काही लागलं तर रविवार-बुधवारचा जुना बाजार आहेच. नवं दुखणं आहे ते पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचं. जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप चिरतात, वॉशर फुगतात, आणि गाडी उभी राहिली की पेट्रोलमध्ये पाणी धरतं. आपल्याला न विचारता कुणी पेट्रोलमध्ये काही मिसळलं हे अण्णांना मुळीच खपलं नसतं, पंपवाल्याशी दोन तास भांडले असते. मी भांडत नाही. पाइप नवा टाकलाय, आणि गाडी उभी ठेवायची झाली की कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालू ठेवतो.