विकतचं गवत आणि घरचा माठ

आत्याचा पहिला प्रश्न हिशेबाचा होता. "कामून रे, गवत इकत आणलं? आपण निंदायला बायांना पैसे देतो, अन् तू लावायला दिले?"

करमाडचं घर बांधून झालं तेव्हा फाटकापासून ओट्यापर्यंत बारा फूट लांब, चार फूट रुंद अशी एक पट्टी उरली होती. 2023 चा जुलै. माझं रोजचं जाणं-येणं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या एका कारखान्याच्या दाराशी जांभळ्या पात्यांचं गवत लावलेलं आहे. कामावरून सुटायच्या वेळी उन्हं तिरपी होतात आणि त्या गवताचे मऊ, शेपटीसारखे तुरे पेटल्यासारखे दिसतात. नर्सरीत त्याला फाउंटन ग्रास म्हणतात. दीडशे रुपयांना एक, असे आठ ठोंब मी घेऊन आलो. आत्याच्या मनात त्या पट्टीसाठी तांबडा माठ होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बदनापूरकडच्या सासरी तिनं चाळीस वर्षं शेत केलं, आता ती आमच्याकडे असते. तिनं एक तुरा तोडला, तळहातावर चोळला, फुंकर मारली. हातात काहीच उरलं नाही. "बाजरीचं कणीस हाय हे. बिनदाण्याचं." मी हसलो. नंतर पुस्तकात पाहिलं, तर तिचं बरोबर निघालं. वनस्पतिशास्त्रात या गवताचं आडनाव पेनिसेटम, बाजरीचंही तेच, आणि जनावरांना घालतो त्या हत्ती गवताचंही तेच. अलीकडे अभ्यासकांनी या मंडळींचं आडनाव बदलून सेंक्रस केलं, पण बदललं ते सगळ्यांचं मिळून, त्यामुळे भाऊबंदकी कायम आहे. एक भाऊ भाकरीत गेला, दुसरा गोठ्यात, आणि तिसऱ्याला मी फाटकाशी पहाऱ्यावर उभा करत होतो.

शेवटी वाटणी झाली. सहा फूट माझे, सहा फूट तिचे.

तिनं वाफा केला, मोहरीहून बारीक असं काळं चकचकीत बी राखेत कालवलं आणि फोकून दिलं. राख नसेल तर बी एकाच ठिकाणी पडून रोपांची दाटी होते. चार-पाच दिवसांत लाल ठिपके वर आले, आणि महिन्याच्या आत पहिली खुडणी. तोवर माझे ठोंब नुसते बसले होते.

त्या वर्षीचा ऑगस्ट ज्यांनी मराठवाड्यात काढला त्यांना तो वेगळा सांगायला नको. 1901 पासूनच्या नोंदींमध्ये देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. कपाशी माना टाकत होती आणि आमच्या पट्टीतलं भांडण पाण्यावर आलं. माठाला दिवसाआड झारी लागे. गवतानं एकदा मूळ धरल्यावर आठवड्यातून एकदा दिलं तरी त्याची तक्रार नव्हती. मी हा मुद्दा जेवताना मांडला. आत्यानं पुढ्यातल्या भाजीकडे बोट दाखवलं. माझं गवत पाणी कमी पीत होतं हे खरं, पण ताटात मात्र ते कधीच येणार नव्हतं.

या पाण्याच्या गोष्टीत एक गंमत आहे. उन्हात अन्न तयार करण्याची एक खास, काटकसरीची पद्धत काही वनस्पतींकडे असते. तिच्यामुळे कमी पाण्यात जास्त वाढ होते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, हरळी यांच्याकडे ती आहे, आणि माझ्या गवताकडेही. पालक, मेथी, शेपू यांच्याकडे नाही. माठाकडे मात्र ती आहे. माठ, तांदुळजा, राजगिरा हे एकाच कुटुंबातले, आणि पालेभाज्यांत ही गवताची विद्या शिकलेले फार थोडे. म्हणजे मी ज्यांची तुलना करत होतो ते दोघे उन्हाच्या बाबतीत एकाच शाळेतले निघाले. माठाला दिवसाआड पाणी लागत होतं ते आम्ही त्याची कोवळी पानं खुडत होतो म्हणून. वाढू दिला असता तर तोही तग धरून उभा राहिला असता, फक्त चरबट झाला असता.

रंगात मात्र ते सख्खे नाहीत. गवताचा जांभळा रंग जांभळाच्या आणि काळ्या द्राक्षाच्या जातीचा. माठाचा लाल रंग बीटच्या आणि बोगनवेलीच्या जातीचा. हे दोन प्रकारचे रंग एकाच झाडात कधी सापडलेले नाहीत. निसर्गानं जणू एकाला एकच डबा दिला. गवताचा रंग उन्हावर अवलंबून असतो. कडुनिंबाच्या सावलीत आलेले माझे दोन ठोंब महिनाभरात साध्या हिरव्या गवतासारखे दिसायला लागले, आणि आत्याला बोलायला विषय मिळाला. माठाचा रंग शिजल्यावर पाण्यात उतरतो. लसूण-मिरचीची फोडणी, मूठभर मुगाची डाळ, वरून शेंगदाण्याचा कूट. ताटात भाजीचं पाणी सुटतं आणि भाकरीची कड गुलाबी होते. माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा पालेभाजी मागून घेतली ती या गुलाबी भाकरीपायी.

आत्याचा खरा आक्षेप रंगावर किंवा पाण्यावर नव्हताच. "हे परकं गवत रानात गेलं तर?" गाजरगवताशी तिनं उभा जन्म झगडून काढलाय. 1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि नंतर एकाही बांधानं त्याला नाही म्हटलं नाही. तिची शंका वायफळ नव्हती. फाउंटन ग्रास मूळचं आफ्रिकेकडचं, आणि त्याचा हिरवा प्रकार हवाई बेटांवर माजलाय. वाळल्यावर वणव्याला तोच सरपण पुरवतो. जांभळ्या प्रकाराला सहसा उगवणारं बी धरत नाही, तो ठोंब फोडूनच वाढवावा लागतो. म्हणून आत्याच्या हातात फुंकरीनंतर काही उरलं नव्हतं. पण नर्सरीवाला दोन्ही एकाच नावानं विकतो, आणि ज्याला लावायचंय त्यानं जांभळाच मागून घ्यावा, एवढं मी पदरच्या अनुभवावरून सांगेन. राजगिरा तरी कुठला इथला? तोही अमेरिका खंडातून आलेला, आणि आपण त्याला उपवासाला बसवलं. हे मी आत्याला सांगितलं नाही. एकादशी होती.

2024 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरत होते. वाफा आत्यानंच मोकळा ठेवला. माणसांना पाणी नसताना भाजीला घालायचं तिला पटेना. काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळली. गवत मी फेब्रुवारीतच वीतभर ठेवून कापलं होतं. ते वाळल्यासारखं दिसत होतं, पण मेलं नाही. पहिल्या वळवानंतर त्यानं पाती काढली, तेव्हा मी आत्याला मुद्दाम ओट्यावर बोलावून दाखवलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यावर पाऊस कोसळला आणि चिकण काळ्या मातीत पाणी आठवडाभर हललं नाही. उन्हानं जे केलं नव्हतं ते या पाण्यानं केलं. दोन ठोंबांचे बुडखे सडून हातात आले. या गवताला निचरा लागतो. खड्ड्यात मुरूम नाही तर वाळू घालायला हवी होती. माठाचीही रोपं कोलमडली, पण आत्यानं पुन्हा मूठभर बी फोकलं आणि दिवाळीच्या आत भाजी खाल्ली. चुकीची किंमत माझ्याकडे तीनशे रुपये आणि सव्वा वर्ष, तिच्याकडे एक मूठ बी.

आता फेब्रुवारीत गवत कापलं की पाती ती मागून घेते आणि वाफ्यावर पसरते. जमीन तापत नाही, ओल टिकते. घरटी बांधणाऱ्या चिमण्या त्यातली काडी काडी नेतात, त्यांना ती हाकलत नाही.

आठांपैकी सहा ठोंब उरलेत. रिकाम्या दोन खड्ड्यांत तिनं काहीतरी पेरलंय, काय ते सांगत नाही. कोंब वर आलेत, दोन-दोन पानांचे. मी रोज वाकून बघतो. दोन पानांचा माठ कोणता आणि दोन पानांचं तण कोणतं, हे मला अजून ओळखता येत नाही.