निरोप आणि कान

रोग म्हणजे बाहेरून आलेला शत्रु, ही आपली फार जुनी समजूत आहे. आपली भाषाच तसें बोलते. ताप येतो, सांथ येते, पूर्वीं देवी येत असत. जो येतो तो जातोही, म्हणून त्याची विचारपूस करण्यास आपणांस संकोच वाटत नाहीं. कॅन्सर मात्र येत नाहीं, तो ‘होतो’. ज्यांच्या तोंडीं हें क्रियापद प्रथम बसलें त्यांना पेशींचें शास्त्र ठाऊक नव्हतें, तरी त्यांच्याकडून मोठें सत्य बोलून गेलें. कॅन्सरची पेशी परकी नसते. ती आपल्याच रक्तमांसाची, आपल्याच घरांत वाढलेली असते. आणि कित्येकदां ती आपल्याच शरीराची आज्ञा पाळीत वाढते. या शेवटच्या वाक्याचा अर्थ थोडासा उलगडून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विषय जरा नाजूक आहे. आमच्यासारख्यांच्या घरांतून मधुमेहाचे आकडे लग्नाच्या पंगतींतही मोकळेपणीं सांगितले जातात. पण पुरुषांच्या मूत्राशयाखालीं जी अक्रोडाएवढी ग्रंथि असते, तिचें नांव निघालें कीं वडील मंडळी वर्तमानपत्र वर धरतात व सुना आंत जातात. डॉक्टर तिला प्रॉस्टेट म्हणतात. आपल्या परिभाषेंत तिला अष्ठीला असें नांव आहे. वीर्याचा कांहीं रस तयार करणें हें तिचें काम. पन्नाशी उलटल्यावर ती पुष्कळांची वाढते, आणि ही वाढ बहुधा निरुपद्रवी असते. क्वचित् ती वाढ कॅन्सरची निघते. तीही कधीं इतकी संथ असते कीं डॉक्टर नुसती नजर ठेवण्यास सांगतात. ग्रंथींतच कोंडलेली असेल तर शस्त्रक्रियेनें किंवा किरणांनीं तिचा निकाल लावतां येतो. आम्हांस येथें बोलावयाचें आहे तें ग्रंथीची वेस ओलांडून हाडांपर्यंत गेलेल्या रोगाविषयीं.

आमचा पेशा इंग्रजी काव्य शिकविण्याचा. आम्ही या प्रांतांत शिरण्यास कारण झाले ते चिखली तालुक्यांतील एका खेड्याचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. ते आमच्याहून बरेच वडील. आम्ही त्यांस गुरुजी म्हणतों. तीन वर्षांपूर्वीं त्यांची पाठ दुखूं लागली, आणि तपासाअंतीं अष्ठीलेचा कॅन्सर मणक्यांत उतरल्याचें ठरलें. डॉक्टरांनीं दोन वाटा सांगितल्या: ठराविक महिन्यांनीं जन्मभर इंजेक्शनें घेत राहणें, किंवा एका लहानशा शस्त्रक्रियेनें दोन्ही वृषण काढून टाकणें. दुसरी वाट एकदांच खर्चाची व पुष्कळ स्वस्त. गुरुजी कागद घेऊन आमच्याकडे आले. अपमानानें त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, “सर, रोग एका ठिकाणी आणि कापायचं दुसऱ्याच ठिकाणी! हा कोणता न्याय?”

प्रश्न शिक्षकाचा होता, आणि त्याला शिक्षकी उत्तर देणें भाग होतें. तेव्हांपासून जें आम्हीं वाचलें व जाणत्यांस विचारून घेतलें, त्याचा सारांश असा.

उत्तराचा पहिला भाग गुरुजींच्याच गोठ्यांत होता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पोळ्याच्या दिवशीं ज्याच्या शिंगांना रंग व अंगावर झूल चढते, तो बैल जन्मतः बैल नसतो. गोऱ्हा जुंवाला लावण्यापूर्वीं खच्ची करतात. पूर्वीं हें काम बडवून होत असे, आतां गुरांचा डॉक्टर चिमट्यानें करतो. मग त्याची मान वळूसारखी भरत नाहीं आणि स्वभाव निवतो, हें शेतकऱ्याचें पोरही सांगेल. आंत काय घडतें तें मात्र गोठ्यांत दिसत नाहीं. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं १७८६ सालीं लिहून ठेवलें कीं, खच्ची केलेल्या जनावरांची अष्ठीला लहान व निःसत्त्व राहते. म्हणजे एका जागेची सत्ता दुसऱ्या जागेवर चालते. ती सत्ता कशाच्या द्वारें चालते, हें कळण्यास आणखी दीडशें वर्षें लागलीं. १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें अर्न्स्ट लाक्वर व त्यांचे सहकारी यांनीं वळूंचे सुमारें १०० किलो वृषण घेऊन त्यांतून अवघे १० मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक काढले, आणि त्या द्रव्याला टेस्टोस्टेरोन हें नांव दिलें. हाच तो निरोप. वृषणांतून निघून रक्तावाटे सर्व देहांत फिरणारा. अशा निरोप्या द्रव्यांस आपण संप्रेरकें म्हणतों.

पुढलें पाऊल शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांचें. अष्ठीला जर या निरोपावर पोसते, तर तिच्यांतून उपजलेला कॅन्सरही त्यावरच पोसत असेल, असा त्यांचा तर्क. १९४१ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, वृषण काढल्यावर हाडांत पसरलेला रोगही ओसरूं लागतो व रुग्णाची वेदना शमते. त्याच वर्षीं, २८ फेब्रुवारीस, मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या मराठी संशोधकानें तेथें कॅन्सरच्या अभ्यासाचा पाया घातला. हगिन्सना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गुरुजींच्या हातांतील कागदावर जी दुसरी वाट लिहिली होती, ती याच शोधाची.

पण निरोप निघाला म्हणून काम होत नाहीं. तो ऐकणारा कान लागतो. अष्ठीलेच्या पेशींत असा कान असतो. तें एक प्रथिन असून शास्त्रज्ञ त्यास ग्राही म्हणतात. १९६८ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून कळलें कीं, टेस्टोस्टेरोन पेशींत शिरल्यावर तेथें त्याचें अधिक प्रभावी रूप तयार होतें आणि तें थेट केंद्रकांत जाऊन बसतें. ज्या जनुकापासून हा ग्राही घडतो तें जनुक १९८८ सालीं हातीं आलें. तें मिळविणाऱ्यांत शुत्सुंग लियाओ यांची शिकागोचीच एक तुकडी होती.

हा ग्राही एरवीं पेशीच्या रसांत, दुसऱ्या कांहीं प्रथिनांच्या पहाऱ्यांत, स्वस्थ पडून असतो. संप्रेरक त्याच्या खोबणींत बसलें कीं त्याचा आकार बदलतो, पहारा सुटतो, आणि तो केंद्रकांत शिरतो. तेथें आपल्या सर्व वंशवारशाची पोथी, म्हणजे डीएनए, गुंडाळून ठेवलेली असते. तिच्यांत सुमारें २०,००० जनुकें आहेत. पण कोणतीही पेशी सारी पोथी वाचीत नाहीं, आपल्या कामापुरतीं पानें तेवढीं उघडते. कोणतीं पानें उघडावयाचीं हें ठरविण्यांत या ग्राहीचा हात असतो. पोथींत ठिकठिकाणीं सुमारें १५ अक्षरांची एक खूण आहे: सहा अक्षरांचा एक शब्द, मध्यें तीन अक्षरांची जागा, आणि पुन्हा सहा अक्षरांचा दुसरा शब्द. हा दुसरा शब्द समोरच्या धाग्यावर उलट दिशेनें वाचला तर पहिलाच होतो. संस्कृतांतील विलोमकाव्याची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. म्हणूनच ग्राही जोडीनें जातात, आणि एकेक जण एकेक शब्द धरून बसतो. मग त्यांच्याभोंवतीं साह्यकारी प्रथिनें जमतात, गुंडाळी सैल होते, जवळच्या जनुकाची नक्कल उतरूं लागते, आणि त्या नकलेवरून नवीं प्रथिनें घडतात. निरोगी पेशींत याचा परिणाम नेमून दिलेलें काम करण्यांत होतो. कॅन्सरच्या पेशींत हाच ग्राही वाढीचीं पानें पुन्हा पुन्हा उघडीत राहतो. कित्येक रुग्णांत पोथीची बांधणीच चुकलेली असते: ग्राहीच्या हुकमांत असणाऱ्या एका जनुकाचा आरंभ तुटून वाढीच्या दुसऱ्या जनुकास चिकटलेला असतो, हें अमेरिकेंत मिशिगन येथें २००५ सालीं दिसून आलें. मग नेहमींचाच हुकूम सुटतो, पण तो भलत्याच पानावर जाऊन पडतो.

रक्ताच्या तपासणींत ‘पीएसए’ म्हणून जो आकडा येतो, त्याचाही अर्थ यावरून उमगतो. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एक जनुक ग्राहीच्या हुकमावरून वाचलें जातें, आणि त्यापासून होणारें प्रथिन म्हणजे पीएसए. निरुपद्रवी वाढींतही हा आकडा चढतो, म्हणून तेवढ्यावरून कॅन्सर ठरत नाहीं. पण ज्याला रोग जडलेला आहे, त्याच्या बाबतींत हा आकडा म्हणजे आंत ग्राही किती जोरानें काम करीत आहे याचा बहुतांशीं अहवालच होय.

या साऱ्या वाचनांत एका गोष्टीनें आम्हांस फार वेळ थांबविलें. ग्राहीचें जनुक एक्स गुणसूत्रावर असतें, आणि पुरुषाला तें गुणसूत्र आईकडूनच मिळतें. पुरुषत्वाचा निरोप ऐकणारा कान प्रत्येक पुरुषास आईनें दिलेला असतो! ज्यांचें हें जनुक जन्मतः पार निकामी असतें, त्यांच्या रक्तांत टेस्टोस्टेरोन भरपूर असूनही त्यांचा बाह्य देह स्त्रीचा घडतो. निरोप गर्जत असतो, पण ऐकणारा नसतो. आमच्या जिल्ह्यांत सिंदखेड राजा येथें जिजाबाईंचा जन्म झाला, म्हणून आम्ही या भूमीस मातृतीर्थ म्हणवितों. पुरुषपणाचा ताठा मिरविणाऱ्या आम्हां लोकांना ही एवढी गोष्ट शाळेंतच शिकवावयास हवी होती.

गुरुजींस आम्हीं हें सर्व दोन बैठकींत सांगितलें. रोगाची गाठ कापण्यापेक्षां तिला पोंचणारा निरोप थांबवावयाचा आहे, हा न्याय त्यांस पटला. पण पटणें वेगळें आणि मन तयार होणें वेगळें. “म्हणजे गोऱ्ह्याचा बैल करायचा म्हणा की,” असें म्हणून ते गप्प बसले. मुलगे मान खालीं घालून उभे होते. त्यांना बापाशीं या विषयावर बोलतां येईना. तेव्हां आंतून काकू बाहेर आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “आपल्या घरचा दाणा आजवर बैलानं पिकवला, वळूनं नाही. तुम्ही आहात ना, तेवढं पुरे.” आम्हीं तीस वर्षें वर्गांत उत्तमोत्तम वचनांचा अर्थ सांगितला आहे, परंतु वेळेवर पडलेलें इतकें नेमकें वाक्य आमच्या ऐकण्यांत फारसें नाहीं. त्याच आठवड्यांत गुरुजी मलकापुरास गाडींत बसून मुंबईस गेले.

शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत पाठीची कळ हटली आणि आकडा खालीं आला. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. अंगाचा एकाएकीं भडका उडे, घाम फुटे. स्नायूंचें बळ कमी झालें. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून वेगळें औषध लागलें. कामवासना मावळली, हें त्यांनीं आम्हांस स्वतःच सांगितलें, आणि सांगतांना स्वर खालीं आणला नाहीं.

दोन वर्षें बरीं गेलीं. मग रक्तांत टेस्टोस्टेरोन जवळजवळ नसतांना पीएसएचा आकडा पुन्हा चढूं लागला. या रोगाचा कावा येथेंच आहे. निरोप बंद झाला म्हणजे कान तीक्ष्ण होतो. कांहीं पेशी ग्राहीच्या जनुकाच्या पुष्कळ प्रति करून ठेवतात, म्हणजे पुसटसा निरोपही पुरतो. कांहींत जनुकाचें एखादें अक्षर बदलतें, आणि मग ग्राही दुसऱ्याच संप्रेरकाला, क्वचित् त्याला अडविण्यास दिलेल्या औषधालाही, ‘हो’ म्हणतो. कांहींत ग्राहीचें आखूड रूप तयार होतें; त्यास निरोप धरण्याची खोबणच नसते, तरी तें निरोपावांचून हुकूम सोडीत राहतें. आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहान ग्रंथींच्या मालापासून कॅन्सर स्वतःच आपला निरोप तयार करूं लागतो.

यावरही उपाय निघाले आहेत. अबिराटेरोन हें औषध निरोप जेथें जेथें घडतो तेथें त्याची घडण रोखतें. एन्झालुटामाइड ग्राहीची खोबणच अडवितें. अमेरिकेंत पहिल्यास २०११ सालीं व दुसऱ्यास २०१२ सालीं मान्यता मिळाली, आणि आतां आपल्याकडील कंपन्याही तीं तयार करतात. अबिराटेरोन रिकाम्या पोटीं रोज १००० मिलिग्रॅम घ्यावयाचें असतें. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनीं ७२ रुग्णांवर केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, हलक्या न्याहारीबरोबर घेतलेल्या २५० मिलिग्रॅमनीं पीएसएचा आकडा तितकाच उतरला. अभ्यास लहान आहे, आणि हा बदल कोणीं आपल्या मनानें करावयाचा नाहीं. परंतु औषधासाठीं शेत गहाण टाकणाऱ्या मुलुखांत असा हिशेब मांडणाऱ्यांचे उपकार मानले पाहिजेत. गुरुजी सध्यां डॉक्टरांच्या देखरेखीखालीं गोळ्यांवर आहेत. रोग गेलेला नाहीं. तो आवरलेला आहे, आणि किती दिवस आवरून राहील तें कोणी सांगत नाहीं.

एक गोष्ट मात्र घडली. गुरुजींच्या गांवीं पारावर म्हातारी मंडळी बसते, तेथें लघवीची तक्रार हा थट्टेचा विषय असे. आतां ती तक्रार निघाली कीं गुरुजी ती थट्टेवर जाऊं देत नाहींत. तपासून ये म्हणतात, आणि कोणीं विचारलें तर स्वतःवर काय शस्त्रक्रिया झाली तें सरळ सांगतात. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या सांगण्यावरून तिघेजण बुलढाण्यास तपासून घेऊन गेले. दोघांची वाढ साधी निघाली. तिसऱ्याचा रोग ग्रंथींतच सांपडला. त्याचा मुलगा आमच्या महाविद्यालयांत शिकतो. तो परवां आम्हांस वाटेंत भेटला आणि वडिलांच्या दुखण्याचें नांव त्यानें मोठ्यानें घेतलें.