पाण्यातील मुळांचे दुखणे

मातीविना शेती हे काही कालचे खूळ नव्हे. १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँगला तिचे प्रयोग मांडले होते. आम्हांस मात्र तिचा परिचय सुरतेच्या नवागामात घडला. यंत्रमागावरचे काम सुटलेल्या एका खानदेशी तरुणाने गच्चीवर नळ्या बसवून पालक पिकवावयास घेतला, आणि मंदिराच्या भंडाऱ्यासाठी भाजी तोच देऊ लागला. वैशाखात मुळांशी पाणी वाहत असूनही भर दुपारी रोपे माना टाकू लागली. मुळे तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढताच साल निसटे नि आतला दोरा तेवढा उरे.

कोणी बुरशीनाशक ओतण्याचा सल्ला दिला. तो आम्हांस मानवेना. येथे औषध थेट मुळांच्या मुखी पडते, आणि भाजी थोड्याच दिवसांत पंगतीच्या पानावर!

या दुखण्यामागे बहुधा पिथियम असते. खऱ्या बुरशीच्या कुळातले ते नव्हे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत जाऊन एका रोपाची बाधा सर्वांस पोचवितात. शिवाय २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो, मुळे गुदमरतात आणि रोगाचे फावते. म्हणून पहिले औषध सावली: टाकीवर ओले गोणपाट, नळ्यांना पांढरा रंग, अहोरात्र हवेचा पंप.

त्यानंतर ट्रायकोडर्मा व बॅसिलस सबटिलिस. हे मित्रजीव मुळांवर आधी ठाण मांडून शत्रूस जागा मिळू देत नाहीत. परंतु ते राखणदार आहेत, वैद्य नव्हेत. सडलेली रोपे काढून नळ्या धुवाव्याच लागतात. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यास राखणदारच मरावयाचा.

टाकीत गोमूत्र, ताक वा जीवामृत ओतण्याचा मोह भाविकांस होतो. मातीतली गोष्ट निराळी. पाण्यात ही द्रव्ये कुजतात व कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. पावित्र्याचा येथे प्रश्नच नाही.

वकिली सवयीने आणखी थोडे. ट्रायकोडर्मादेखील १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत येतो. पुडीवरील नोंदणी क्रमांक आणि मुदत पाहूनच ती घ्यावी. 'सेंद्रिय' शब्दाचा वाद तर थेट न्यायालयात गेलेला आहे. युरोपीय संघाच्या २०१८ च्या नियमांनी अशा पालेभाजीस तो नाकारला, तर अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०२२ साली मान्य ठेवला. पाण्यातली खते बहुधा रासायनिक क्षारच असतात. तेव्हा फलकावर 'रासायनिक बुरशीनाशक न घातलेली' एवढेच लिहावे, हे बरे.