माझ्या वाटची प्रार्थना

आमच्याकडे वारणानगर कुठं संपतं आणि कोडोली कुठं सुरू होते, हे नवख्या माणसाला कळत नाही. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला साखर कारखाना, दूध संघ, वारणा बाजार हे सगळं वारणानगरात. आमचं चर्च कोडोलीत. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचं काम पुढं प्रेसबिटेरियन मिशनकडं गेलं आणि त्या मिशननं कोडोलीत चर्च उभं केलं, शाळा आणि दवाखाना चालवला. माझ्या सासरच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास आला तो तेव्हापासून.

माझे मिस्टर कारखान्यात होते. गळीत हंगामात रात्रपाळी करून आले तरी रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आमचं घर डायलिसिसच्या वारांवर चालू लागलं. सुई टोचण्यासाठी डाव्या हातात शस्त्रक्रिया करून शीर जोडली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आतून सारखी थरथर जाणवायची. ती थरथर चालू असली म्हणजे शीर चालू आहे, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. रोज सकाळी उठल्याबरोबर मी आधी ती बघायची आणि मग प्रार्थना करायची. मागणं एकच होतं, यांना बरं कर. चर्चच्या मंडळीनंही उपास-प्रार्थना केली. भेटायला येणारे सांगायचे, विश्वास ठेव, उठून कामाला जातील बघ.

पावसाळ्याच्या तोंडाला ते प्रभूत निजले.

त्यानंतर माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. चर्चला जायची, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडायची, पण गळ्यातून सूर फुटायचा नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मंडळीतल्या बायका आमच्या घरी सभेला येत. एकदा मी म्हणाले, “आता माझ्या घरी नका येऊ. मला काहीच बोलायचं नाही देवाशी.” त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर आजी चटईवर बसत म्हणाल्या, “तू नुसती बस गं बाई. तुझ्या वाटची प्रार्थना आम्ही करतो.” आणि त्यांनी ती केली. पुढच्या गुरुवारी केली, त्याच्या पुढच्याही केली. मी भिंतीला टेकून ऐकत राहायची.

त्याच दिवसांत पाळकसाहेबांनी मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायावर संदेश दिला. कफर्णहूमात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून येशूकडं आणतात. दारात गर्दी, म्हणून ते छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. येशू त्या चौघांचा विश्वास बघतो आणि बाजेवरच्या माणसाशी बोलतो. तो आजारी माणूस मात्र त्या सगळ्या प्रसंगात चकार शब्द काढत नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या रविवारी पहिल्यांदा मी तिच्यात बाजेवर होते.

मग मी स्तोत्रसंहिता पुन्हा हातात घेतली. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकांत आहे. बाकीच्या स्तोत्रांसारखं ते शेवटी धीरावर येत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवाला उद्देशूनच म्हटलेलं आहे. गेथशेमाने बागेत येशूनंही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली होती. तो टळला नाही. देवाच्या पुत्राचं मागणं असं परत आलं असेल, तर माझं मागणं परत आलं म्हणून मी देवाला नकोशी झाले असं कसं होईल? तेव्हा मला कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावर. देव माणसाची वाट बघतो, हे त्यांच्याकडं बघून मला उमगलं.

माझी वाचा परत आली ती शेजारणीमुळं. त्यांच्या घरी जोतिबाची भक्ती. चैत्र यात्रा कधी चुकत नाही. त्यांची सून बाळंतपणात अडली, तेव्हा त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, मी जोतिबाला साकडं घातलंय. तुम्हीबी तुमच्या देवाला सांगा.” मी त्यांचा हात धरला आणि मोठ्यानं प्रार्थना केली. यजमान गेल्यानंतरची माझी ती पहिली प्रार्थना. सून आणि बाळ सुखरूप घरी आली. तशी आली नसती तरी मी प्रार्थना सोडली नसती, हे आज मी छातीठोकपणे सांगते.

आता गुरुवारच्या बायकांबरोबर मीही घरोघरी जाते. कुणालाही मी “विश्वास ठेव, बरं होईल” असं सांगत नाही. डॉक्टरांची औषधं वेळेवर घे म्हणते आणि त्या आजारी माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करते. ख्रिस्त मरणातून उठला आणि माझे यजमानही उठतील, यावर माझा विश्वास आहे. ज्या दिवशी तो मला पेलत नाही, त्या दिवशी मंडळी तो माझ्यासाठी उचलते. ज्याला आज पेलत नसेल, त्याच्यासाठी तो मी उचलायचा. येशूनं आपल्याला एकेकटं न ठेवता मंडळी म्हणून एकत्र आणलं, ते यासाठीच.