जुहूच्या धावपट्टीवरचं कोडं

दोस्तांनो, पेन्सिल घ्या. आडवा शब्द, चार अक्षरं : 'विमान चालवणारा'. सोपं आहे ना? वैमानिक! पण खरं सांगा, हा शब्द लिहिताना डोळ्यांपुढे कोण आलं? टोपीवाले, मिशीवाले काका? मग चला माझ्याबरोबर जुहूला.

चौपाटीपासून थोड्याच अंतरावर जुहूचा विमानतळ आहे. आता इथे मुख्यतः हेलिकॉप्टरंच ये-जा करतात. पण १९२८ साली सुरू झालेला हा आपल्या देशातला पहिला मुलकी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच धावपट्टीवर उतरले.

बरोबर ८९ वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२१ ला, भुजहून अहमदाबादमार्गे एक चिमुकलं विमान इथे आलं. नाव 'माही'. आत एकटी मुंबईची मुलगी! याच 'माही'तून २०१९ साली, वयाच्या २३ व्या वर्षी, तिनं एकटीनं अटलांटिक महासागर ओलांडला होता. एवढ्या हलक्या विमानातून असं करणारी ती जगातली पहिली स्त्री. तिचं नाव? तीन अक्षरं : 'वर वर चढणारी'. गाणं शिकणाऱ्यांनी ओळखलंच असेल. आरोही! आरोही पंडित.

आता उभा शब्द, चार अक्षरं : 'ढगांत लखलखणारी'. वीज? छे, ती दोनच अक्षरी. सौदामिनी! कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला विमान नेलं. त्या विमानात सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या.

'विमान' या शब्दात 'मान' दडलाय, बघितलंत? पण बायकांना तो सहजासहजी मिळाला नाही. प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. हातात परवाना, तरी एकामागून एक कंपन्यांचे नकार! शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं त्यांना नोकरी दिली. त्या नकारांनी हिरमुसून त्या घरी बसल्या असत्या तर?

आता ते पहिलं कोडं पुन्हा काढा. 'चालवणारा'वर खोडरबर फिरवा आणि लिहा 'चालवणारी'. उत्तराचं एक अक्षर तरी बदललं का? चौकोनही चारच! उद्या हेच कोडं वर्गात घाला. आणि हो, आईबाबांनाही घाला. त्यांच्या डोळ्यांपुढे कोण येतं, ते विचारायला विसरू नका.