मोटारीचे पाठभेद

मोटार घ्यायची असे आमच्या घरात ठरले, ते आईंच्या गुडघ्यांमुळे. आई म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई. त्या पाटण तालुक्यातल्या गावी राहतात, वय शहात्तर. दर महिन्याला त्यांना कराडला डॉक्टरांकडे यावे लागते. इतकी वर्षे त्या एस.टी.ने येत, एस.टी. चुकली तर वडापने. गेल्या पावसाळ्यात एस.टी.ची पहिली पायरी त्यांना चढता येईना, तेव्हा मागच्या माणसाने आधार देऊन त्यांना वर ढकलले. हे त्यांनी आम्हांला हसत हसत सांगितले. आम्हांला हसू आले नाही. त्याच आठवड्यात आम्ही दोघांच्या पगाराचा हिशेब मांडला.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या पेशात मोटार उशिराच येते. आधी तासिका तत्त्वावरची वर्षे, मग घराचे कर्ज, मग मुलीचे शिक्षण. त्यामुळे चाळिशी उलटून गेल्यावर महामार्गालगतच्या त्या काचेच्या दालनात शिरताना आम्ही थोडे बिचकलोच होतो. आत दिवे इतके होते की गाड्यांना सावलीच नव्हती. कॉफी आली. पाठोपाठ एक तरतरीत मुलगी आली आणि तिने विचारले, "सर, मॅडम, कोणतं व्हेरियंट बघायचंय?"

कोणती गाडी हवी ते आम्ही ठरवून गेलो होतो. पण त्या एकाच गाडीचे नऊ प्रकार निघाले. आमच्या विषयात याला पाठभेद म्हणतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. सुमारे तीन शतकांत नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. मूळ कोणते आणि मागाहून घातलेले कोणते, हे ओळखण्याची थोडीफार सवय आम्हांला आहे, असा आमचा समज होता.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. फियाटसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा तेव्हाचा रिवाज होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना देण्यात आली, तेव्हा देशभरात त्याचे अप्रूप होते. त्या काळी गिऱ्हाईक गाडीची वाट पाहत असे. आता गाड्या ओळीने उभ्या राहून गिऱ्हाइकाची वाट पाहतात. पण त्या काळच्या माणसाला आपल्याला काय हवे आहे हे स्वतःलाच विचारण्याची वेळ फारशी येत नसे. आमच्यावर ती आली, आणि आम्ही तो प्रश्न टाळला.

याची जाणीव मात्र फार नंतर झाली. तेव्हा आमचे सगळे लक्ष किमतीच्या कागदावर होते. वर 'एक्स-शोरूम', खाली 'ऑन-रोड', आणि मधल्या जागेत भरपूर मजकूर. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात अकरा टक्के मोटारवाहन कर पडतो. तो मूळ संहितेतलाच. तीन वर्षांचा थर्ड-पार्टी विमा नव्या गाडीला २०१८ पासून सक्तीचा आहे, तोही मान्य. पण बाकीचा विमा दालनातूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. आणि 'हाताळणी शुल्क' या ओळीपाशी तर आम्ही थबकलोच. कोण काय हाताळते, असे विचारल्यावर ती मुलगी म्हणाली, "ते सगळ्यांनाच असतं, मॅडम." आम्ही ती ओळ प्रक्षिप्त ठरवली. मुलगी आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि ओळ निघाली. घरी परतताना आम्हांला केवढा आनंद झाला होता!

कागदावरचा प्रक्षेप आम्हांला दिसला, पण मनातला दिसला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला होता. आधी तो अठ्ठावीस टक्के आणि वर उपकर असा होता. वाचलेले पैसे खरे म्हणजे कर्जातून कमी व्हायचे. मुलगी म्हणाली, "तेवढ्याच बजेटमध्ये एक स्टेप वर जाता येईल, सर." आम्ही वर गेलो. नंतर आणखी एक. छताला काचेची खिडकी असलेली, उंच बांध्याची गाडी आम्हांला अचानक गरजेची वाटू लागली. गावचा रस्ता खराब आहे, हे कारण आम्ही एकमेकांना सांगितले. महाविद्यालयाच्या आवारात आमच्या सहकाऱ्यांच्या तशाच गाड्या उभ्या असतात, हे कारण दोघांनाही ठाऊक होते. ते कोणी उच्चारले नाही.

नोंदणीची रक्कम भरण्याआधी चालवून पाहण्यासाठी ती गाडी आमच्या दारात आली. योगायोगाने आई तेव्हा तपासणीसाठी आमच्याकडेच होत्या. त्या काठी टेकत बाहेर आल्या, गाडीवरून हात फिरवला आणि एक पाय उचलला. तो गाडीच्या उंबऱ्यापर्यंत पोचला नाही. दाराला धरून त्यांनी पुन्हा उचलला. मग पाय खाली ठेवून त्या म्हणाल्या, "गाडी झ्याक हाय. तुमी फिरा. माझं काय, मी यष्टीनं येती की."

आम्ही दोघेही जमिनीकडे पाहत राहिलो. बोलली ती ती मुलगीच. "सर, गाडी आजींसाठी आहे हे आधी सांगायचं ना!"

दोन आठवडे ती आम्हांला बजेट, मायलेज, रंग, हप्ता असे सगळे विचारत होती आणि आम्ही सगळ्याची उत्तरे देत होतो. ज्या माणसासाठी गाडी घ्यायची, त्याचा उल्लेखच आमच्या बोलण्यात एकदाही आला नव्हता. प्रक्षेप इतके वाढले होते की मूळ ओळच गळून गेली होती.

त्या रात्री आम्ही सगळी माहितीपत्रके पुन्हा चाळली. त्यांत गाडीची जमिनीपासूनची उंची होती, सामानाची जागा किती लिटर तेही होते. सीट जमिनीपासून किती उंच, हे कुठल्याच पत्रकात नव्हते. मग आई ज्या कॉटवरून कोणाच्याही आधाराशिवाय उठतात, तिची उंची आम्ही टेपने मोजली आणि दुसऱ्या दिवशी तोच टेप घेऊन दालनात गेलो. टेपचे दुसरे टोक त्या मुलीने धरले. एकेका गाडीचे दार उघडून आम्ही सीट मोजत होतो आणि बाकीची गिऱ्हाइके आमच्याकडे पाहत होती. काही गाड्या फार उंच होत्या. काही इतक्या बुटक्या की बसलेले माणूस पुन्हा उठायचे नाही. शेवटी एका साध्या गाडीची सीट कॉटच्या उंचीला दोन बोटांच्या फरकाने जुळली. तिचे दारही पुरेसे सताड उघडत होते. छताची खिडकी गेली. एअरबॅगांना मात्र आम्ही कात्री लावली नाही. तो प्रक्षेप नव्हे, एवढे आम्हांला कळत होते.

गाडी घरी आली त्या दिवशी हार, नारळ, चाकाखाली लिंबू हे सगळे रीतसर झाले. आई आधी सीटवर आडव्या टेकल्या, मग एक पाय आत घेतला, मग दुसरा. कोणी हात दिला नाही. आम्ही गावच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांनी विचारले, "केवढ्याला पडली?"

आम्ही एक्स-शोरूम किंमत सांगितली. तीही ऐकून त्या गाव येईपर्यंत गप्प होत्या.