सोफ्यावरच्या लेंड्या

"डॉक्टर, दोन महिने शहाण्यासारखा ट्रेमध्ये जात होता. आता मुद्दाम सोफ्यावर लेंड्या टाकतो." ससा घेऊन येणाऱ्यांची ही तक्रार ऐकली की मी आधी त्याचं वय विचारते. बहुतेक वेळा ते चार ते सहा महिने निघतं. ससा वयात आलेला असतो. त्यात राग नाही, सूडही नाही. तो हद्द आखत असतो.

आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. तो बीळ खणत नाही, झुडपाखालच्या खळग्यात दबून बसतो. आपण पाळतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळांच्या वसाहतीत राहणारा. वसाहत आली की हद्द आलीच. ऑस्ट्रेलियात रोमन मिकिटोविच या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात या सशांच्या गंधखुणांचा बारकाईने अभ्यास केला. ठरावीक जागी साठवलेल्या लेंड्यांना गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा वास असतो. हनुवटीखालीही ग्रंथी असतात. वरचढ नरांच्या ग्रंथी मोठ्या, आणि हनुवटी घासत फिरण्यातही तेच पुढे. तुमचा ससा टेबलाच्या पायाला, चपलेला हनुवटी घासतो, तेव्हा 'हे माझं' असंच सांगत असतो. आपल्या नाकाला ते कळत नाही, एवढंच.

म्हणून लेंड्या कशा पडल्यात ते आधी पाहा. कोपऱ्यात लघवीसह ढीग असेल, तर त्याने तिथे संडास केला आहे. ट्रे तिथेच न्या, आपल्या सोयीच्या जागी नको. सुट्या, विखुरलेल्या लेंड्या म्हणजे हद्दीच्या खुणा. घरात दुसरा ससा आला की त्या हमखास वाढतात. ओरडून काही साधत नाही, ससा फक्त भितो. ट्रेमध्ये कागदाचा लगदा किंवा गवत घाला; ओलं झाल्यावर गोळा होणारी मांजरांची वाळू नको, ती पोटात गेली तर आतडं तुंबतं. वाळलेलं गवत ट्रेला लागूनच ठेवा, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. ट्रे साफ करताना दोन-चार लेंड्या मागे राहू द्या.

खरा फरक पडतो तो निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेने. लघवीचे फवारे आणि विखुरलेल्या लेंड्या दोन्ही बऱ्याच कमी होतात. मादीच्या बाबतीत तर माझा आग्रहच असतो, कारण शस्त्रक्रिया न झालेल्या, वय वाढलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. नराला मात्र शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे मादीपासून दूर ठेवा. तेवढे दिवस पिल्लं होऊ शकतात.

आणि एक विनंती. या लेंड्यांचा कंटाळा करू नका, रोज त्यांच्याकडे नजर टाका. निरोगी ससा दिवसाला दोनशेच्या वर टाकतो. त्या बारीक होऊ लागल्या, ससा गवताला तोंड लावेना, तर आतडं मंदावलंय. दहा-बारा तासांत एकही लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच डॉक्टरांना गाठा.